जाड सालीचं फळ

सासूबाईंची डावी किडनी माझ्या पोटात बसवली त्याला आता पाच वर्षं होऊन गेली. गेल्या गणपतीपर्यंत एक महिना असा गेला नाही की माझा रक्ताचा रिपोर्ट आला आणि त्यांनी विचारलं नाही, "काय म्हणतेय गं माजी?" माजी म्हणजे त्यांची किडनी. माझ्या तब्येतीची चौकशी त्यानंतर, झालीच तर. लांब दिलेल्या लेकीची खुशाली आई जशी येणाऱ्याजाणाऱ्याला विचारते, तसा तो आवाज असायचा. आणि मीही सासरच्या माणसासारखं मोजकं उत्तर द्यायचे, "नांदतेय."

त्या निर्धास्त व्हायच्या. मी मात्र कधीच झाले नाही. लोकांना वाटतं, ऑपरेशन झालं, बाई वाचली, आता काय! पण दुसऱ्याच्या शरीरातून आलेली किडनी कायमची नसते, हे डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. कुणाची दोन वर्षांत बंद पडते, कुणाची वीस वर्षं चालते, आणि आपली कुठली हे आधी कळत नाही. मी स्वभावाने भित्रीच आहे. लोधिवलीच्या पुढे आमच्या गावात मला सगळे खाष्ट मास्तरीणबाई म्हणून ओळखतात, पण खाष्टपणा हा माझ्यापुरता भीतीचाच प्रकार आहे.

किडन्या गेल्या तेव्हा मी एक्केचाळीस वर्षांची होते. खोपोलीला डायलिसिस सुरू झालं. एक दिवस शाळा, एक दिवस सुया. नवऱ्याची तपासणी केली तर त्याला साखर निघाली, तो बाद. माझ्या माहेरी पळसदरीला भाऊ म्हणाला, "विचार करून सांगतो." तो अजून विचार करतोय. वडील थकलेले, आई आधीच गेलेली. आणि मग एक दिवस भाकऱ्या थापता थापता सासूबाई म्हणाल्या, "माजी चालंल का बगा." मला वाटलं, चुलीवरच्या कशाबद्दल तरी बोलतायत.

जुळली. डॉक्टरांनाही नवल वाटलं. पण सासू ही कायद्याने जवळच्या नात्यात मोडत नाही, म्हणून समितीपुढे जावं लागलं. टेबलापलीकडे चार-पाच माणसं, समोर सासूबाई नऊवारीत, पदर खोचून. एका साहेबांनी विचारलं, "आजी, तुमच्यावर सुनेने जबरदस्ती तर केली नाही ना?" सासूबाईंनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "हिनं? हिची काय हिंमत हाय माज्यावर जबरदस्ती करायची?" परवानगी मिळाली.

आणखी एक गोष्ट तेव्हाच झाली, ती मी पुढे विसरून गेले होते. ऑपरेशनआधी सर्जन समजावत होते की दोन्हीपैकी जी जास्त चांगली असेल ती देणाऱ्याकडे ठेवायची, असा नियम आहे. सासूबाई भडकल्या. "हा कसला नियम? शेजारणीला वाटीभर लोणचं दिलं तरी चांगल्या फोडी बगून देते मी. ही तर सून. चांगली तिला द्या." सर्जन हसले आणि बरं म्हणाले. डॉक्टर लोक बरं म्हणतात तेव्हा ते आपल्याच मनाचं करणार असतात, हे मला माहीत होतं.

घरी आल्यावर गाव बघायला लोटला. लांबून बघा, मास्क लावा, असं सांगितलं तरी एक शेजारी आत येऊन नवऱ्याला म्हणालाच, "किती वर्षांची गॅरंटी दिलेय रं?" जशी विहिरीवर मोटरच बसवलीय. मला रडू फुटलं. सासूबाई खाटेवरून ओरडल्या, "तुज्या मोटरची किती हाय ते सांग आदी!" टाके ताजे होते त्यांचे, ओरडल्यावर पोट धरून बसल्या. तो शेजारी वर्षभर आमच्या दारात आला नाही. पण त्याने विचारलं ते काही चूक नव्हतं. माझ्याही डोक्यात दुसरं काहीच नव्हतं.

मी सातवीला गणित शिकवते. म्हणून आलेखाची वही घातली. आडव्या रेषेवर महिने, उभ्या रेषेवर क्रिएटिनिन. रक्तातला हा आकडा वाढला की किडनी थकतेय असं समजायचं. माझा १.२ ला येऊन थांबला होता. कधी १.१, कधी १.३. ठिपका चढला की मी पट्टी घ्यायची आणि शेवटचे दोन ठिपके जोडून रेघ पुढे ओढायची, ती डायलिसिसच्या आकड्यावर मारलेल्या लाल रेषेला कधी टेकते ते बघायला. दोन ठिपक्यांवरून असं भविष्य काढणाऱ्या पोराचे मी गुण कापले असते. वहीत मात्र मी कितीतरी वेळा मेले आणि पुढच्या महिन्यात ठिपका खाली आला की खोडरबराने जिवंत झाले. नवऱ्याने एकदा ती वही लपवून ठेवली होती. मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही, मग त्याने मुकाट्याने टेबलावर आणून ठेवली.

खाण्यापिण्याचे नियम घराने वेदासारखे पाळले. शरीराने ही किडनी परकी म्हणून हाकलू नये यासाठी ज्या गोळ्या असतात, त्यांनी अंगातली लढायची ताकदच कमी होते. साध्या जंतूलाही भ्यावं लागतं. म्हणून कच्चं नको, उघड्यावरचं नको, बाहेरचं पाणी नको. फळांचा नियम सोपा होता: जाड सालीचं, आपल्या हाताने सोललेलं फळ चालेल. केळं, संत्रं, डाळिंब. न खायच्या यादीत एका परदेशी फळाचं नाव छापलेलं होतं. ते फळ आमच्यात कुणी कधी पाहिलं नव्हतं, त्यामुळे ते टाळणं फार सोपं गेलं.

आमच्या परसात विहिरीजवळ पपनसाचं झाड आहे. घराची पद्धत अशी, की गणपती येईपर्यंत त्याच्या फळाला कुणी बोट लावायचं नाही. पहिली पाच पपनसं गणपतीपुढे ठेवायची, विसर्जन करून आलं की ती फोडायची, आणि घरात जो असेल त्याने फाक खायचीच. नाही म्हणायचं नाही. त्यानंतर झाड मोकळं. मग महिनाभर घरात सालींचा वास. सासूबाई ओट्यावर बसून फोडी सोलतात, त्यावर मीठ नि लाल तिखट भुरभुरवतात. ऑपरेशननंतरची चार वर्षं माझ्या वाटणीची फाक त्या डोळ्यांना लावून स्वतः खात. पाचव्या वर्षी, म्हणजे गेल्या गणपतीत, त्यांनी फाक माझ्यापुढे धरली.

"संत्रं चालतं ना तुला?"

"चालतं."

"जाड सालीचं चालतं ना?"

"हो."

"मंग ह्याच्यापरीस जाड साल कुणाची हाय सांग बरं."

मी मास्तरीण, मला तर्क पटला. बोटभर जाड साल, आतला प्रत्येक घास पुन्हा आपल्या सालीत गुंडाळलेला, झाड घरचं, हात सासूबाईंचे. देवाने आमच्यासारख्यांसाठीच बनवलंय, असंही मी म्हणाले. चार वर्षांनी ती कडवट-गोड चव जिभेवर आली आणि मला खरंच बरं वाटलं. त्या दिवशी एक फाक. मग रोज दुपारी अर्धं. मग पाऊणही.

पंधरा-वीस दिवसांनी फळ्यावर लिहिताना माझा हात थरथरला. अपूर्णांकाची आडवी रेघ सरळ येईना. पुढच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "बाई, तुम्ही घाबरलायत का?" मी तिला खाली बसवलं. डोकं सकाळपासून ठणकत होतं. त्याच आठवड्यात महिन्याचं रक्त दिलं, आणि संध्याकाळी मोबाइलवर आकडा आला, १.९.

मी वही उघडली नाही. पट्टी ठेवली असती तर रेघ पान सोडून बाहेर गेली असती.

दुसऱ्या दिवशी नवऱ्याने कारखान्यातून सुट्टी घेतली आणि आम्ही मुंबईला हॉस्पिटलात गेलो. मोठे डॉक्टर परदेशी होते, त्यांच्या जागी एक तरुण डॉक्टर होता. शरीर किडनीला हाकलत असेल तर सुईने तिचा तुकडा काढून बघावं लागेल, म्हणाला, आणि पुढच्या आठवड्याची तारीख दिली. गोळीची रक्तातली पातळी किती आहे, त्याचा रिपोर्ट यायचा होता. मी त्याला विचारलं, जे पाच वर्षं कुणाला नीट विचारलं नव्हतं. "अजून किती वर्षं?"

त्याने टाळायला हवं होतं. पण तो भला पोरगा होता, आणि भल्या माणसांना प्रश्नाचं उत्तर द्यावंसं वाटतं. त्याने कॉम्प्युटरवर एक तक्ता उघडला. त्यात माझं वय, देणाऱ्याचं वय, क्रिएटिनिन, लघवीतलं प्रथिन असं सगळं भरायचं, की पुढच्या काही वर्षांत किडनी टिकण्याची शक्यता तो सांगतो. "हे हजारो पेशंटांवरून काढलेलं असतं," तो म्हणाला. "तुमचं एकटीचं भविष्य नाही हे. आजचा आकडा उद्या बदलू शकतो." मी हो हो म्हणत होते आणि स्क्रीनकडे बघत होते. आकडा आला. मी तो इथे लिहीत नाही, अजून माझा हात होत नाही. छापून द्या म्हटलं, त्याने दिला. कागद मी चार घड्या घालून शाळेच्या पिशवीत, हजेरीपत्रकात ठेवला.

घरी सासूबाई ओट्यावरच होत्या. "काय म्हणतेय गं माजी?"

"नांदतेय," मी म्हणाले.

पाच वर्षांत पहिल्यांदा खोटं बोलले. पण त्यांच्यापुढे माझं तोंड लपत नाही. काय झालं ते त्यांनी विचारलं नाही. सून उतरलेली दिसतेय, एवढंच त्यांनी पाहिलं, आणि त्यावरचा त्यांना ठाऊक असलेला इलाज सुरू केला. दुपारी पपनस, संध्याकाळी पपनस. मी जितकी घाबरायची तितकं त्या जास्त सोलायच्या. मी नको म्हणत नव्हते, कारण त्यांच्या किडनीबद्दल त्यांच्याशी खोटं बोलून त्यांच्या हातची फाक नाकारायची, एवढी निगरगट्ट मी नाही.

तिसऱ्या दिवशी त्या तरुण डॉक्टरचा फोन आला. माझे हात थरथरत होते म्हणून मी स्पीकर लावून फोन पायरीवर ठेवला. सासूबाई शेजारी सोलत होत्या. गोळीची पातळी हवी त्याच्या कितीतरी पट वर गेली होती. डॉक्टर म्हणाला, "दोनदा गोळी घेतलीत का?"

"नाही." मला राग आला. सकाळी नऊ, रात्री नऊ, पाच वर्षांत दहा मिनिटं इकडची तिकडे नाहीत.

"दुसरं काही औषध? काढा, झाडपाला?"

"नाही हो."

"आठवून सांगा. खाण्यात काही नवीन?"

"काहीही नाही. सगळं घरचं," मी म्हणाले, आणि सासूबाईंनी मीठ-तिखट लावलेली फाक माझ्या तोंडापुढे धरली.

मी त्या फाकेकडे बघत राहिले. कागदावरचं ते कधी न पाहिलेलं परदेशी फळ मला आठवलं. "डॉक्टर," मी म्हणाले, "पपनस चालतं ना?"

मग त्याने विचारलं, "किती खाता?"

"रोज एखादं..."

"एक नाय, दीड," सासूबाई फोनकडे वाकून म्हणाल्या. अभिमानाने म्हणाल्या.

मग त्याने समजावलं. ज्या परदेशी फळाला मनाई होती, त्याच्याच घराण्यातलं हे पपनस. पोटात गेलेली गोळी जशी मोडून निघून जायला हवी, तशी हे जाऊ देत नाही; ती रक्तात साठत जाते, आणि जी गोळी किडनी राखते तीच मग किडनीचा गळा आवळते. शरीर किडनीला हाकलत नव्हतं. आम्हीच, रोज दुपारी, मीठ-तिखट लावून. "आत्ता थांबवा," तो म्हणाला. "आजची नि उद्याची गोळी घेऊ नका, परवा रक्त द्या. सुई पुढे ढकलू."

सासूबाईंनी फाक ताटलीत ठेवली. हात पदराला पुसले, पुन्हा पुसले, आणि आत गेल्या.

आकडा उतरला. १.६, मग १.४, मग १.३. हाताची थरथर थांबली, फळ्यावरची रेघ सरळ झाली. जुन्या १.२ ला मात्र तो आला नाही, आणि येईल की नाही ते कुणी सांगत नाही. पण घरातली गोष्ट वेगळीच बिघडली. सासूबाईंनी विचारणं बंद केलं. रिपोर्ट यायचा, मी मुद्दाम मोठ्याने नवऱ्याला सांगायची, त्या सुपात मान घालून तांदूळ निवडत राहायच्या. आधी दर महिन्याला तो प्रश्न मला टोचायचा. आता तो येईना तर मला कळेना की माझ्या पोटात नक्की कुणाचं काय आहे. झाडावरची पपनसं पिकून विहिरीच्या कठड्याशी पडत होती, त्या ती उचलतही नव्हत्या.

पुढच्या भेटीला त्या म्हणाल्या, "मी पण येते. मला त्या पोराला सांगायचंय, चूक माजी हाय."

आणि सांगितलंही. डॉक्टरसमोर खुर्चीत न बसता उभ्या राहून, समितीपुढे उभ्या होत्या तशाच. "हिनं मागितलं नाय, मी चारलं. आता सांगा, माज्यामुळं किती वर्षं कमी झाली?" डॉक्टर गडबडला. म्हणाला, "आजी, असं सांगता येत नाही. नव्या आकड्यावरून तक्ता पुन्हा बघू शकतो," आणि कॉम्प्युटरकडे वळला. मी म्हणाले, "नको." मला स्वतःलाच नवल वाटलं. पण एक कागद हजेरीपत्रकात आधीच होता, आणि त्याच्या शेजारी दुसरा ठेवण्याइतकी माझी छाती नव्हती.

तो हात मागे घेत म्हणाला, "बरं. आजी, तुमची तपासणी कधी झाली शेवटची?"

नवरा माझ्याकडे बघू लागला, मी त्याच्याकडे. देणाऱ्याने दर वर्षी रक्त, लघवी, ब्लडप्रेशर तपासायचं, हे आम्हाला लिहून दिलेलं होतं. फाइल उघडली तर पहिल्या वर्षाचा एकच कागद. पाच वर्षं मी आलेखाची वही भरत होते, महिन्याला एक ठिपका, आणि ज्या बाईकडे एकच उरली होती तिचा एकही ठिपका माझ्याकडे नव्हता. डॉक्टरने तिथेच ब्लडप्रेशर बघितलं, पुन्हा बघितलं, आणि रक्ताची चिठ्ठी लिहिली. ही भीती नवी होती. जुनी भीती माझ्या ओळखीची होती, तिच्यापुढे कुठे उभं राहायचं हे मला माहीत होतं.

परतताना शिळफाट्याला गाडी थांबवली, नवरा गोळ्या आणायला उतरला. मी सासूबाईंना विचारलं, "आई, मी विसरले. पण तुम्ही तरी आठवण का नाही केलीत?"

"मी नाय विसरले," त्या म्हणाल्या.

"मग?"

"मुद्दाम नाय गेले. माजा आकडा वाईट आला असता तर तू ही पोटात सुखानं ठेवली असतीस का? चार दिवस नांदू दिली असतीस का तिला?"

सुखाने मी ती कधी ठेवलीच नव्हती, हे त्यांना कसं सांगायचं?

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी शाळेतून येऊन ओट्यावर टेकले तेव्हा दोघींचे रिपोर्ट एकदमच मोबाइलवर आले. पाच वर्षांत पहिल्यांदा मी माझा आधी उघडला नाही. त्यांचा उघडला. मग माझा. मग पुन्हा त्यांचा. वयामुळे, अंगामुळे दोन माणसांचे आकडे असे शेजारी ठेवून ताडायचे नसतात, हे डॉक्टरने मागाहून सांगितलं. ब्लडप्रेशरची गोळी लगेच सुरू केली, लघवीतून प्रथिन जातंय म्हणाला, दर महिन्याला येत जा म्हणाला. पण ते सगळं नंतर. तेव्हा ओट्यावर आम्ही दोघीच होतो.

मी वहीचं कोरं पान काढून नव्या रेषा आखल्या, आणि एक ठिपका दिला. एका बिंदूतून असंख्य रेषा जातात, हे मी पोरांना दरवर्षी शिकवते. पट्टी मी हातात घेतली नाही.

"तो कुणाचा?" सासूबाईंनी विचारलं.

"तुमचा. १.५."

"आन् तुजा?"

"१.३."

त्यांनी ठिपक्यावर बोट ठेवलं. "कमी असला तर चांगला ना गं?"

"हो."

"म्हंजी तुज्याकडची चांगली हाय."

मी मान हलवली. तोंड उघडलं असतं तर रडले असते.

सासूबाईंनी सूप मांडीवर ओढलं. बऱ्याच दिवसांनी त्यांचा चेहरा सुटलेला दिसला. "मी सांगितलं होतं त्या डॉक्टरला, चांगली तिला द्या," त्या म्हणाल्या. "ऐकलं म्हणायचं त्यानं माजं." आणि समाधानाने हसून तांदूळ पाखडू लागल्या. मी त्यांच्याकडे बघत बसले. इतकी मी या पाच वर्षांत कधीच भ्याले नव्हते.